कच्च्या भाज्यांचे पोटभर जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानात डावीकडे चमचा-दोन चमचे वाढली जाणारी कोशिंबीर हेच आपले दुपारचे किंवा रात्रीचे पूर्ण जेवण व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. मुंबईची मंडई, इथली दमट हवा आणि इथल्या डब्याचा लांबचा प्रवास डोळ्यांसमोर असल्यामुळे थंड हवेच्या प्रदेशांतील पाककृतींमध्ये सहसा न आढळणाऱ्या काही सूचना त्यांत आल्या आहेत. पोटभर सॅलडसाठी लागणारे सर्व काही मराठी स्वयंपाकघरात पहिल्यापासून आहे, असे माझे ठाम मत आहे. कडधान्य आणि दाणे तेवढे शोभेपुरते न ठेवता भुकेच्या मापाने घ्यावे लागतात.

नुसत्या कच्च्या भाज्यांनी पोट भरते का?

नुसत्या भाज्यांनी पोट फुगते, पण भूक फार वेळ भागत नाही. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि १०० ग्रॅम काकडीतून जेमतेम १५ कॅलरी मिळतात. काकडी, टोमॅटो, कोबी आणि गाजर मिळून अर्धा किलो भाजी खाल्ली, तरी ऊर्जा सव्वाशे कॅलरींच्या आसपासच राहते. दोन पोळ्या, भाजी आणि वरण-भात या साध्या जेवणातून याच्या कितीतरी पट ऊर्जा मिळत असल्यामुळे, दुपारी एक वाजता वाडगाभर चिरलेली भाजी खाऊन उठलेला माणूस चार वाजता वडापावच्या गाडीपाशी उभा राहिला तर त्यात त्याच्या मनोनिग्रहाचा काही दोष नसतो. जेवणच अपुरे झालेले असते.

भाजीतील पाणी आणि चोथा यांमुळे जठर भरल्याची जाणीव लवकर होते, आणि कच्चे चावायला वेळ लागत असल्यामुळे जेवण सावकाश होते, हे दोन्ही फायदे खरे आहेत. मात्र ही तृप्ती तीन-चार तास टिकवण्याचे काम प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ करतात, आणि ते काकडी-टोमॅटोत नसतात.

मग एका माणसाच्या जेवणाला काय आणि किती घ्यावे?

मध्यम बांध्याच्या, बैठे काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी मी पुढील प्रमाण सुचवते. कच्ची भाजी ३०० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम काकडी, एक मोठे गाजर, मूठभर बारीक चिरलेला कोबी आणि एक लहान टोमॅटो. त्यात ४० ग्रॅम कोरडे मूग किंवा मटकी भिजवून मोड आणून घ्यावी. मोड आल्यावर ती भरगच्च वाटीभर होते. भाजलेले शेंगदाणे २५ ग्रॅम, म्हणजे लहान मूठभर, अर्धे अख्खे आणि अर्ध्यांचा जाडसर कूट. पनीर ५० ग्रॅम, किंवा त्याऐवजी दोन उकडलेली अंडी. दोन चहाचे चमचे तेल, एक लिंबू, मीठ, मिरची आणि कोथिंबीर.

या वाडग्यातून साधारण ५५० ते ६०० कॅलरी आणि २५ ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेले प्रथिनांचे प्रमाण प्रौढांसाठी रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात आणि त्यातला अर्धा वाटा या एका जेवणात येतो. याच संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत, तेव्हा त्यांपैकी पाऊण हिस्साही इथेच पुरा होतो.

तेल पूर्ण वगळावे असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही, कारण गाजरातील बीटा-कॅरोटीन आणि टोमॅटोतील लायकोपीन शरीरात शोषले जाण्यासाठी जेवणात थोडी स्निग्धता असावी लागते. कोरडे गाजर कितीही खाल्ले तरी त्यातील बराचसा लाभ वाया जातो. लिंबाचेही तसेच आहे. कडधान्ये आणि पालेभाज्या यांतील लोह शरीराला सहज घेता येत नाही, पण सोबत क जीवनसत्त्व असले की त्याचे शोषण वाढते.

पोळी, भाकरी, भात पूर्ण सोडावा लागतो का?

मुळीच नाही. वाडग्याशेजारी अर्धी ज्वारीची भाकरी ठेवली तर जेवण अधिक चांगले होते, आणि ज्यांचे काम अंगमेहनतीचे आहे किंवा ज्यांना दिवसभर पायी हिंडावे लागते त्यांनी ती ठेवावीच. धान्य सॅलडमध्येच मिसळायचे असेल तर रात्रभर भिजवून कुकरला मऊ शिजवलेली अख्खी ज्वारी उत्तम. ती भाताप्रमाणे गोळा होत नाही आणि दाताखाली छान लागते. ज्वारीच्या लाह्या ऐन वेळी वरून घातल्या तर कुरकुरीतपणा येतो.

कोकणातले दडपे पोहे तर जवळजवळ तयार सॅलडच आहेत. पातळ पोहे, ओले खोबरे, बारीक चिरलेला कांदा, काकडी आणि लिंबू हे सर्व एकत्र करून वर वजन ठेवून दडपले की भाजीच्या आणि नारळाच्या ओलाव्यावरच पोहे मऊ होतात. त्यांतील पोह्यांचे प्रमाण निम्म्यावर आणून काकडी, गाजर आणि मोडाचे मूग वाढवले, वर शेंगदाण्याची चुरचुरीत फोडणी दिली, की घरातल्या कोणालाही आपण काही वेगळे खात आहोत असे वाटत नाही. सॅलड म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या मंडळींसाठी सुरुवात इथूनच करावी.

कोणत्या भाज्या कच्च्या खाव्यात आणि कोणत्या खाऊ नयेत?

काकडी, गाजर, मुळा, बीट, टोमॅटो, कोबी, नवलकोल, ढोबळी मिरची, कांदा, कांद्याची पात, कोवळा पालक, मेथी, कोथिंबीर आणि पुदिना निर्धास्तपणे कच्चे खाता येतात. यांपैकी नवलकोल मुंबईत उगीच दुर्लक्षिला जातो. जाड साल काढून त्याच्या काड्या केल्या तर तो गोडसर, रसदार लागतो आणि चिरून ठेवल्यावर काकडीइतके पाणीही सोडत नाही. किनाऱ्याच्या रेतीत होणारी समुद्रमेथी, जिच्या बोटभर उंचीच्या जुड्या मुंबईच्या बाजारात मिळतात, ती कच्ची खाण्यास मोठ्या मेथीपेक्षा कितीतरी कोवळी असते. मात्र तिच्या मुळांशी रेती चिकटलेली असल्यामुळे मुळे कापून ती पाच-सहा पाण्यांतून काढावी लागते. देशावर मेथीचा किंवा पातीच्या कांद्याचा जो घोळाणा करतात, त्यात दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि कच्चे तेल एवढेच असते. तो पोटभर सॅलडचा पाया म्हणून फार उपयोगी पडतो.

बटाटा, वांगे, सुरण आणि फरसबी कच्ची खाऊ नये. अळूची पाने आणि पावसाळ्यात मिळणारी शेवळे यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे ती नीट शिजवल्याशिवाय खाल्ली तर घसा खाजतो. कडवे वाल मोड आणून सोललेले असले तरी शिजवूनच घ्यावेत, कारण कच्च्या वालात सायनाइड निर्माण करू शकणारी द्रव्ये असतात. राजम्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

दुधी आणि काकडी यांच्या बाबतीत एक नियम कधीही मोडू नये. फोड जिभेला कडू लागली, तर ती पूर्ण भाजी टाकून द्यावी. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांमुळे येतो आणि कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा झाल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. काकडीचे टोक कापून त्यावर घासण्याची आणि फेस काढण्याची रीत घरोघरी आहे, पण फेस निघाला म्हणजे कडूपणा गेला असे मानू नये. दोन्ही टोकांची चकती चाखून पाहावी.

कोबीतला किडा मेंदूत जातो, हे खरे आहे का?

या भीतीमागे तथ्य आहे, पण ते वेगळ्या स्वरूपाचे आहे. कोबीच्या पानांत दिसणारी हिरवी अळी मेंदूत जात नाही. ज्या रोगाविषयी हे बोलले जाते तो डुकरातील पट्टकृमीच्या अंड्यांमुळे होतो. ही अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि मैल्याचे पाणी शेतात वापरले गेले, किंवा हाताळणाऱ्याचे हात अस्वच्छ असले, तर कोणत्याही कच्च्या भाजीवर येऊ शकतात. कोबीच्या पदरांमध्ये घाण अडकून राहते म्हणून नाव कोबीचे झाले.

बाहेरची तीन-चार पाने टाकून द्यावीत, गड्ड्याचे चार भाग करावेत, पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत आणि मगच चिरावीत. ज्यांच्या मनातून शंका जातच नाही त्यांनी पाने उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटे बुडवून लगेच गार पाण्यात काढावीत. यात कुरकुरीतपणा थोडा जातो, पण मन निःशंक ठेवून जेवणे जास्त महत्त्वाचे आहे.

मुंबईत मिळणारी भाजी कच्ची खाण्यासाठी कशी निवडावी आणि कशी धुवावी?

दादर स्थानकाबाहेरच्या मंडईत पहाटे वसई-विरारकडची पालेभाजी येते. दुपारपर्यंत तीच भाजी टोपलीत पुन्हा पुन्हा पाणी मारून टवटवीत दाखवली जाते आणि ते पाणी कुठले आहे हे आपल्याला दिसत नाही. म्हणून कच्ची खायची पालेभाजी सकाळी घ्यावी, पाणी न मारलेली घ्यावी, आणि ओळखीच्या भाजीवाल्या मावशींना ती कुठून आली हे सरळ विचारावे. लोहमार्गांलगतच्या जागेत पिकवलेली पालेभाजी मुंबईत वर्षानुवर्षे विकली गेली आहे आणि तिला घातल्या जाणाऱ्या पाण्याबद्दल तक्रारीही होत आल्या आहेत. उगम कळत नसेल तर ती भाजी शिजवण्यासाठी वापरावी. चिरून पिशवीत भरलेली तयार भाजी कच्ची खाण्यासाठी घेऊ नये.

लोकलच्या महिला डब्यात परतीच्या प्रवासात भाजी निवडणाऱ्या भगिनींची चिकाटी मला नेहमी कौतुकास्पद वाटते. शेंगा सोलणे, मेथी निवडणे, लसूण सोलणे ही कामे तिथे खुशाल करावीत. कच्ची खायची भाजी मात्र घरी येऊन, हात धुऊन आणि आधी भाजी धुऊनच चिरावी, कारण अख्ख्या भाजीच्या सालीवरची घाण सुरी फिरताच आतल्या गरावर पसरते आणि मग धुऊन ती पुरती निघत नाही.

धुताना साबण किंवा भांडी घासण्याचे द्रव कधीही वापरू नये. पालेभाजी मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात बुडवून, हाताने हलवून, भाजी वर उचलून घ्यावी; पातेले चाळणीवर उपडे केले तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर पडते. पाण्याचा तळ स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे. गाजर, बीट, मुळा आणि काकडी ब्रशने घासावी. लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात भाजी दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास सालीवरील काही कीटकनाशकांचे अंश कमी होतात; आत शोषले गेलेले अंश त्याने जात नाहीत. शेवटचे पाणी पिण्यायोग्यच असावे. महापालिकेचे पाणी शुद्ध करून सोडलेले असले तरी इमारतीच्या टाक्या वेळच्या वेळी धुतल्या जातातच असे नाही, म्हणून शेवटचा हात गाळणी-यंत्राच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचा द्यावा.

सर्वांत दुर्लक्षित पायरी निथळण्याची आहे. धुतलेली पाने सुती पंचावर पसरून, पंचा हलकेच गुंडाळून दहा मिनिटे ठेवावी. ओल्या पानाला तेल आणि लिंबू धरत नाही आणि सगळी चव वाडग्याच्या तळाशी जाते.

कडधान्ये कच्ची घालावीत की शिजवून?

मोड आलेले मूग आणि मटकी आपल्याकडे कच्ची खाण्याची पद्धत आहे, आणि निरोगी प्रौढ व्यक्तीने घरी स्वच्छतेने आणलेले ताजे मोड खाण्यास हरकत नाही. तरीही मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओलावा जंतूंनाही तेवढाच मानवतो, आणि मुंबईच्या हवेत फडक्यात बांधलेली मटकी एका रात्रीत आंबूस होऊ शकते. भिजवलेले पाणी दर सहा-सात तासांनी बदलावे, मोड अगदी लहान असतानाच धान्य शीतकपाटात ठेवावे, बुळबुळीत किंवा वास आलेले मोड टाकून द्यावेत. माझा सल्ला असा, की चाळणीत पाच मिनिटे वाफ देऊन मगच घालावेत. दाणा टणक राहतो, पोटाला हलका जातो आणि धास्ती उरत नाही. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वयस्कर मंडळी आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्यासाठी मोड पूर्ण शिजवलेलेच असावेत.

छोले, चवळी आणि राजमा नेहमी शिजवून घ्यावेत. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे काही तासांत जोराच्या उलट्या होतात. तो भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळ उकळून शिजवावा. भिजवलेली हरभऱ्याची आणि मुगाची डाळ मात्र कोशिंबिरीत फार जुनी आहे. चैत्रात कैरी घालून केली जाणारी वाटली डाळ ज्यांना आवडते, त्यांनी तीच डाळ अगदी जाडसर वाटून किसलेल्या गाजर-काकडीत मिसळून पाहावी.

कालवल्यावर पाणी सुटून सगळे पचपचीत होते, उपाय काय?

मीठ भाजीतील पाणी बाहेर ओढते, त्यामुळे हे होणारच. काकडीच्या बाबतीत ते आधीच करून घेणे हा उपाय आहे. काकडी चोचवून, चिमूटभर मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटे ठेवावी आणि दोन्ही तळव्यांत हलकी दाबून घ्यावी. निघालेले पाणी कणकेत किंवा ताकात वापरावे. टोमॅटोच्या बिया आणि मधला रस वेगळा काढून तो लिंबाबरोबर कालवणात घ्यावा. कोबी याच्या उलट वागतो. धाग्यासारखा बारीक चिरून, थोडे मीठ आणि लिंबू लावून बोटांनी मिनिटभर चुरला तर तो मऊ होतो, त्याचा उग्र वास कमी होतो आणि निम्म्या जागेत मावतो.

दाण्याचा कूट ओलावा धरून ठेवतो, म्हणून तो अगदी शेवटी घालावा, आणि खमंग भाजलेला, जाडसर असावा. पिठासारखा कूट दोन मिनिटांत लगदा करतो. बीट सर्वांत शेवटी घालावे, नाहीतर पनीरपासून मुळ्यापर्यंत सर्व काही लालगुलाबी होते.

बाटलीतल्या तयार ड्रेसिंगऐवजी घरी काय करता येईल?

आपल्याकडे यासाठी इतके प्रकार आहेत, की बाटली विकत घेण्याची गरज मला तरी दिसत नाही. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि हिरवी मिरची यांची फोडणी, वर लिंबू, हा सर्वांत सोपा. दही घालायचे असेल तर फोडणी कोमट होऊ द्यावी. चिंचेचा कोळ, गूळ आणि भाजलेल्या तिळाचा कूट हे मुळ्याबरोबर उत्कृष्ट लागते. कारळाची किंवा जवसाची कोरडी चटणी दह्यात कालवली तर घट्ट, खमंग लेप तयार होतो, जो गाजराच्या आणि नवलकोलाच्या काड्यांना चांगला धरतो.

पण मला मनापासून सुचवावीशी वाटते ती फेसलेली मोहरी, जी आता पुष्कळ घरांतून दिसेनाशी झाली आहे. एक मोठा चमचा मोहरी कोरडीच खलबत्त्यात भरड कुटावी, चिमूट-चिमूट मीठ, साखर आणि हळद घालावी, आणि गार पाण्याचा एकेक चमचा घालत घोटत राहावे. आधी फक्त करडा चिखल दिसतो. तीन-चार मिनिटांत तो फिकट पिवळा होऊन फुलू लागतो आणि खलावर वाकलेल्या माणसाच्या नाकात एकदम झिणझिण्या येतात. तिथे थांबावे. मोहरीच्या दाण्यातला एक विकर (एन्झाइम) पाणी लागल्यावर जागा होतो आणि तोच हा झणझणीतपणा तयार करतो. पाणी गरम असेल तर हा विकर नष्ट होतो आणि मागे फक्त कडवटपणा उरतो. लिंबू किंवा दही सुरुवातीलाच घातले तरी ही क्रिया मंदावते, म्हणून फेसून दहा मिनिटे ठेवल्यावर आंबट घालावे. एका वाडग्याला यातला अर्धा चमचा पुरे होतो. दही, फेसलेली मोहरी, डाळिंबाचे दाणे, काकडी आणि शिजवलेले छोले हे एकत्र एकदा करून पाहावे.

अ‍ॅव्होकॅडो, लेट्यूस, ऑलिव्हचे तेल आवश्यक आहे का?

नाही. क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईत, ते सर्व मिळते आणि ज्यांना परवडते त्यांनी जरूर आणावे. मऊ, स्निग्ध घटक हवा असेल तर शहाळ्यातील जाड मलई किंवा ओले खोबरे घ्यावे; तेल शेंगदाण्याचे किंवा तिळाचे घाण्याचे असावे.

मांसाहारी मंडळींनी काय घालावे?

उकडलेली अंडी, उकडून सुटे केलेले कोंबडीचे मांस किंवा शिजवलेली कोळंबी यांपैकी काहीही चालते. किनारपट्टीवरची खरी खासियत मात्र सुकटीची आहे. जवळा निवडून, तव्यावर कोरडाच कुरकुरीत भाजून, बारीक कांदा, ओले खोबरे, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कोकमाचे आगळ यांत कालवतात. याच मिश्रणात दुप्पट काकडी, कोबी आणि मुळा घातला की भाकरीबरोबर भरभक्कम जेवण होते. जवळा आधीच खारट असल्यामुळे मीठ चाखूनच घालावे, आणि तो वाढण्याच्या क्षणी मिसळावा.

सॅलड डब्यात नेता येते का?

नेता येते, पण कालवून नेऊ नये. शिजवलेली कडधान्ये, पनीर, अंडी आणि दही हे पदार्थ सामान्य तापमानाला दोन तासांहून जास्त राहू देऊ नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एका तासावर येते. कल्याण किंवा विरारहून सकाळी सव्वासातची लोकल पकडून चर्चगेट वा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणाऱ्या आणि एक वाजता डबा उघडणाऱ्या व्यक्तीसाठी हे गणित थेट लागू होते. कार्यालयात शीतकपाट असेल तर पोहोचताच डबा त्यात ठेवावा आणि प्रवासात गोठवलेली बर्फाची पिशवी सोबत बांधावी. ती सोय नसेल तर पनीर, दही आणि मोड वगळावेत. त्या जागी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, तीळ आणि भोपळ्याच्या बिया घ्याव्यात, काकडी व गाजर अख्खे न्यावे आणि जेवताना चिरावे.

भरताना सर्वांत खाली कडधान्य, त्यावर गाजर-नवलकोलासारख्या टणक भाज्या, त्यावर कोबी आणि सर्वांत वर कोरडी पाने असा क्रम ठेवावा. लिंबू अख्खे, कालवण छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत आणि कूट कागदी पुडीत न्यावा.

पावसाळ्यात हे जेवण बंद करावे का?

आषाढ-श्रावणात पालेभाज्या चिखलाने माखून येतात आणि पाण्यातून पसरणारे पोटाचे आजार मुंबईत वाढतात, तेव्हा त्या काळात कच्ची पालेभाजी पूर्ण वगळावी असे मी म्हणेन. साल काढता येणाऱ्या भाज्या, म्हणजे काकडी, गाजर, बीट आणि नवलकोल, यांवर भर द्यावा. याच दिवसांत मक्याची कोवळी कणसे आणि पुढे शेंगदाण्याच्या ओल्या शेंगा येतात. दोन्ही उकडून, काकडीत मिसळून वर फोडणी दिली की कच्च्या-शिजलेल्याचा चांगला मेळ बसतो. साठवणीतले शेंगदाणे पावसाळ्यात तपासून घ्यावेत. काळपट, सुरकुतलेले किंवा खवट-कडू दाणे टाकून द्यावेत, कारण बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन भाजल्याने पूर्णपणे जात नाही.

सुरुवातीला गॅस होतात, काय करावे?

चोथ्याचे प्रमाण एकदम वाढले की हे होते. पहिल्या आठवड्यात निम्मा वाडगा आणि सोबत नेहमीची पोळी-भाजी ठेवावी, मग हळूहळू प्रमाण वाढवावे. कोबी, मुळा आणि कच्चा कांदा एकाच दिवशी घेऊ नये, कडधान्य वाफवून घ्यावे, फोडणीत हिंग सढळ असावा, दिवसभर पाणी पुरेसे प्यावे आणि घास नीट चावावा.

कोणी काळजी घ्यावी?

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पोळी-भात अचानक कमी केला तर रक्तातील साखर जास्त खाली जाऊ शकते, म्हणून औषधाची मात्रा डॉक्टरांशी बोलूनच हा बदल करावा. वॉर्फरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल तर पालेभाज्यांतील क जीवनसत्त्वाची नव्हे, के जीवनसत्त्वाची नोंद घ्यावी लागते; पालेभाज्या रोज साधारण सारख्याच प्रमाणात खाव्यात. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियमची मर्यादा पाळावी लागते, आणि ऑक्झलेटचे मुतखडे झालेल्यांनी कच्चा पालक व बीट टाळावे. थायरॉइडच्या रुग्णांना कोबी पूर्ण वर्ज्य नाही, पण रोज मोठ्या प्रमाणात कच्चा कोबी घेऊ नये.

चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे आणि गाजराचे टणक तुकडे देऊ नयेत, कारण ते घशात अडकू शकतात. गाजर किसून आणि दाण्याचा बारीक कूट करून द्यावा. कवळी लावणाऱ्या आजी-आजोबांसाठीही किसणीच कामाला येते. गाजर, बीट आणि काकडी किसून, दही आणि मऊ शिजवलेली मूगडाळ घालून केलेला वाडगा ते आवडीने संपवतात असा माझा अनुभव आहे.

रोज एवढे चिरायला वेळ कुठून आणावा?

रविवारी छोले किंवा चवळी शिजवून शीतकपाटात ठेवावी. ती तीन दिवस चांगली राहते. दाणे भाजून ठेवावेत. पाने धुऊन, पूर्ण निथळून, सुती कापडात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवली तर तीन-चार दिवस टिकतात. गाजर आणि कोबी आदल्या रात्री चिरून झाकून ठेवता येतात, पण काकडी, टोमॅटो आणि कांदा त्याच वेळी चिरावा. एवढी तयारी असली तर वाडगा दहा-बारा मिनिटांत होतो.

उरले तर टाकून द्यावे का?

दही घातलेले आणि बाहेर राहिलेले सॅलड ठेवू नये. दही नसेल आणि ते लगेच शीतकपाटात गेले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कच्चे खाण्याऐवजी त्यात मावेल तेवढी भाजणी, थोडे तिखट, तीळ आणि ओवा घालून थालीपीठ लावावे. भाजीला सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजते, म्हणून वरून पाणी घालण्याची घाई करू नये. कूट आधीच असल्यामुळे थालीपीठ खुसखुशीत होते. मधल्या भोकात तेल थोडे जास्त सोडावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावे.